कॅप्टन ट्रॅप आल्प्स ओलांडून गेले नव्हते: ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि साठ वर्षांचा वाद

१/
चित्रपटाचा शेवट जगभरच्या प्रेक्षकांना तोंडपाठ आहे. नाझींच्या हातावर तुरी देऊन फॉन ट्रॅप कुटुंब निसटते आणि लख्ख उन्हात आल्प्सची हिरवी धार चढत स्वित्झर्लंडकडे निघते. नकाशा मात्र वेगळे सांगतो. साल्झबर्ग जर्मनीच्या सीमेला चिकटून आहे; स्वित्झर्लंड तेथून दोनशे किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला. शहरालगतचा उंटर्सबर्ग ओलांडणारा माणूस बेर्खटेसगाडेनच्या परिसरात उतरतो, म्हणजे हिटलरच्या डोंगरी निवासस्थानाच्या शेजारी.

२/
ही चूक चित्रपटाचे टीकाकार चवीने सांगतात आणि चाहते हसून सोडून देतात. वाद मात्र या एका चुकीपुरता नाही. एका कुटुंबाच्या चरित्रापासून सुरू होऊन तो एका राष्ट्राच्या स्मृतीपर्यंत पोहोचतो. ऐतिहासिक चित्रपटाची परीक्षा कशी करावी, या प्रश्नासाठी त्याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

३/
‘द साउंड ऑफ म्युझिक’ २ मार्च १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ; प्रमुख भूमिकांत ज्युली अँड्र्यूज आणि ख्रिस्तोफर प्लमर. ‘क्लिओपात्रा’च्या (१९६३) अफाट खर्चाने डबघाईला आलेल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीला त्याने तारले. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले आणि कमाईत त्याने ‘गॉन विथ द विंड’लाही मागे टाकले.

४/
समीक्षकांचा सूर मात्र पहिल्यापासून कडवट होता. पॉलीन केल यांनी या चित्रपटाला साखरेत घोळलेले असत्य ठरवले आणि प्रेक्षकांना तेच हवे असते, अशी खंत व्यक्त केली. खुद्द प्लमर अनेक वर्षे त्याची जाहीर थट्टा करत. उतारवयात त्यांचा सूर बराच निवळला. पुढे या टीकेत आणखी दोन पक्षांची भर पडली. एक पक्ष फॉन ट्रॅप कुटुंबाचा, दुसरा इतिहासाच्या अभ्यासकांचा.

५/
कथेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. मारिया फॉन ट्रॅप यांच्या आठवणींचे पुस्तक १९४९ मध्ये अमेरिकेत निघाले. त्यावरून १९५६ आणि १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीत दोन चित्रपट झाले. १९५९ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले आणि त्यावरून १९६५ चा चित्रपट. म्हणजे पडद्यावर पोहोचेपर्यंत मूळ आठवणी तीन हातांतून गेल्या होत्या. त्यांपैकी दोन्ही जर्मन चित्रपटांचे दिग्दर्शक वोल्फगांग लिबेनआइनर यांनी १९४१ मध्ये नाझी राजवटीसाठी ‘दयामरणा’चा पुरस्कार करणारा प्रचारपट केला होता.

६/
आता खरे कॅप्टन. गेऑर्ग फॉन ट्रॅप यांचा जन्म १८८० चा, एड्रियाटिक किनाऱ्यावरील झारा येथील. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमारातील नामवंत पाणबुडी कमांडर होते. एप्रिल १९१५ मध्ये त्यांनी ‘लेऑं गांबेत्ता’ ही फ्रेंच युद्धनौका बुडवली. पत्नी आगाथा ही टॉर्पेडोचे जनक रॉबर्ट व्हाइटहेड यांची नात. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच उरला नाही. १९२२ मध्ये आगाथाही गेल्या. मागे राहिली सात मुले आणि समुद्र हरवलेला एक आरमारी अधिकारी.

७/
मारिया कुचेरा १९२६ मध्ये नोनबर्गच्या मठातून या घरी आल्या त्या सातही मुलांच्या दाई म्हणून नव्हे. आजारातून उठलेल्या एकाच मुलीला शिकवण्यासाठी. विवाह झाला नोव्हेंबर १९२७ मध्ये. चित्रपटात मधुचंद्राहून परतताच नाझी दारात उभे दिसतात. प्रत्यक्षात मधे दहा वर्षे गेली आणि या दांपत्याला आणखी दोन मुली झाल्या. धाकटा मुलगा देश सोडल्यानंतर, १९३९ मध्ये जन्मला.

८/
कुटुंबाचा खरा आक्षेप तारखांवर नव्हता. वडील शिट्टी वाजवून मुलांना रांगेत उभे करणारे आणि घरातून गाणे हद्दपार करणारे दाखवले, याचे मुलांना दुःख होते. शिट्टी खरी होती, पण ती मोठ्या घरात आणि बागेत पांगलेल्या मुलांना हाक मारण्यासाठी. वडील मृदू होते आणि मारिया येण्यापूर्वीही घरात गाणे होते. थोरली मुलगी आगाथा हिने उतारवयात आठवणी लिहिल्या, त्यांतही वडिलांची ही प्रतिमा पुसण्याची तळमळ आहे. उलट मारियाच अधिक तापट होत्या, असे मुलांचे सांगणे.

९/
व्यावसायिक गायनाकडे हे कुटुंब वळले ते पैशाच्या अडचणीमुळे. १९३० च्या दशकात गेऑर्ग यांनी आपली पुंजी लंडनमधून काढून ओळखीच्या ऑस्ट्रियन बँकेत ठेवली. ती बँक बुडाली. घरातील खोल्या भाड्याने द्याव्या लागल्या. त्याच सुमारास फादर फ्रान्झ वास्नर घरी राहायला आले. कुटुंबाच्या गायनाला शिस्त लावणारे खरे संगीतगुरू हेच. चित्रपटाने त्यांना पूर्णपणे वगळले आणि त्यांच्या जागी मॅक्स डेटवायलर हे काल्पनिक पात्र उभे केले.

१०/
नकार मात्र खरा होता. १९३८ मध्ये जर्मन आरमारातील पद गेऑर्ग यांनी नाकारले. थोरला मुलगा रुपर्ट डॉक्टर होता. त्याने व्हिएन्नातील नोकरी नाकारली. हिटलरच्या वाढदिवसाला गाण्याचे निमंत्रण सर्वांनी मिळून नाकारले. त्यानंतर कुटुंब आगगाडीत बसले आणि इटलीला गेले. झारा महायुद्धानंतर इटलीकडे गेल्यामुळे त्यांना इटालियन नागरिकत्व होते. तेथून गाण्याच्या करारावर अमेरिका. त्यांचे साल्झबर्गचे घर पुढे हाइनरिश हिमलरने बळकावले.

११/
येथे चाहत्यांची बाजू भक्कम होते. आगगाडीऐवजी डोंगर दाखवला म्हणून नकाराचे मोल कमी होत नाही. हातात पैसा नाही, दहावे मूल पोटात, समोर सन्मानाची पदे, आणि तरीही ‘नाही’ म्हणणे. नाट्यासाठी तारखा आणि प्रवास बदलला तरी कथेचा कणा शाबूत राहिला, हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

१२/
अभ्यासकांचा प्रश्न निराळा आहे: पडद्यावरची ऑस्ट्रिया कोणती? चित्रपटाच्या आरंभीची पाटी नाझींपूर्वीचे दिवस सोनेरी ठरवते. वास्तवात चॅन्सेलर डॉल्फुस यांनी मार्च १९३३ मध्ये संसद बंद पाडली. फेब्रुवारी १९३४ मध्ये व्हिएन्नातील कामगार वसाहतींवर तोफा डागल्या गेल्या आणि समाजवादी पक्षावर बंदी आली. जुलै १९३४ मध्ये नाझींनी डॉल्फुस यांचीच हत्या केली. त्यांचे वारस शुशनिग यांनी एकपक्षीय राजवट चालू ठेवली. फॉन ट्रॅप कुटुंबाचे गाणे रेडिओवर ऐकून त्यांना व्हिएन्नात गायला बोलावणारे चॅन्सेलर हेच.

१३/
१२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले तेव्हा प्रतिकार झाला नाही. १५ मार्चला व्हिएन्नाच्या हेल्डनप्लात्झवर हिटलरला ऐकायला प्रचंड गर्दी लोटली. १० एप्रिलच्या सार्वमतात विलीनीकरणाच्या बाजूने ९९.७ टक्के मते पडली. ज्यूंना मतदानाचा हक्क नव्हता आणि मतदान दडपणाखाली झाले, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पण गर्दीचा जल्लोष खरा होता. ३० एप्रिलला साल्झबर्गच्या रेसिडेन्झप्लात्झवर पुस्तकांची होळी झाली.

१४/
आता चित्रपटातील संगीत महोत्सवाचा प्रसंग पाहावा. कॅप्टन ‘एडलवाइस’ गातात, गळा दाटतो आणि सारे सभागृह नाझी अधिकाऱ्यांसमोर एकमुखाने गाऊ लागते. येथे ऑस्ट्रियाची जनता म्हणजे हे सभागृह आणि नाझी म्हणजे पुढच्या रांगेतील मूठभर माणसे. अनेकांना ‘एडलवाइस’ हे ऑस्ट्रियाचे लोकगीत, काहींना तर राष्ट्रगीत वाटते. ते हॅमरस्टाइन यांनी १९५९ मध्ये नाटकासाठी लिहिले. त्यांची ती अखेरची गीतरचना. प्रभातच्या ‘संत तुकाराम’साठी (१९३६) शांताराम आठवले यांनी लिहिलेले गीत अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले, तशातलाच हा प्रकार.

१५/
आणखी एक मौन अधिक खोल आहे. घरामागच्या तळ्याची दृश्ये लिओपोल्ड्सक्रोन वाड्याच्या तळ्याकाठी चित्रित झाली. हा वाडा मॅक्स राइनहार्ट यांचा होता. ते साल्झबर्ग महोत्सवाच्या संस्थापकांपैकी एक, आणि ज्यू. १९३८ मध्ये नाझींनी तो जप्त केला. राइनहार्ट १९४३ मध्ये न्यूयॉर्कला परागंदा अवस्थेत वारले. ऑस्ट्रियातील सुमारे ६५ हजार ज्यू मारले गेले. त्या तळ्यावर कॅमेरा रेंगाळतो, पण ज्यूंच्या वाट्याला काय आले याचा उल्लेख चित्रपटात कोठेही नाही.

१६/
हे मौन सोयीचे होते. १ नोव्हेंबर १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरी आक्रमणाचा पहिला बळी म्हटले. युद्धातील सहभागाची जबाबदारी तिला टाळता येणार नाही, असेही त्यातच लिहिले. युद्धानंतर ऑस्ट्रियाने पहिले वाक्य जपले आणि दुसरे बाजूला ठेवले. हॉलिवूडने या समजुतीला गाणी दिली, असा टीकाकारांचा आरोप आहे.

१७/
मग ऑस्ट्रियाने चित्रपट डोक्यावर घेतला असेल? तसे झाले नाही. साल्झबर्गमध्ये तो आपटला. काहींना जुने जर्मन चित्रपट अधिक जवळचे वाटत, काहींना ही हॉलिवूडची साखर नकोशी होती. चित्रीकरणाच्या वेळी रेसिडेन्झप्लात्झवर स्वस्तिकाचे झेंडे लावण्यास अधिकारी कचरले होते. ‘मग १९३८ च्या स्वागताच्या खऱ्या चित्रफिती वापरू’ असे सुचवताच परवानगी मिळाली, अशी आठवण चित्रपटाच्या मंडळींनी नोंदवली आहे.

१८/
जर्मनीत तर फॉक्सच्या म्युनिक शाखेच्या व्यवस्थापकाने चित्रपट विवाहानंतर कापूनच टाकला, म्हणजे नाझी आलेच नाहीत. कंपनीने त्याला काढून टाकले आणि कापलेला भाग परत जोडला. चाहत्यांचा सर्वांत बळकट पुरावा हाच. जो चित्रपट अमेरिकेला गोड खोटे वाटला, त्याचा शेवटचा भाग म्युनिकला गिळवत नव्हता. शिवाय नाझी बाहेरूनच आले असेही चित्रपट म्हणत नाही. तार पोचवणारा रोल्फ, घरचा बटलर फ्रान्झ, शेजारचे हेर झेलर हे सारे ऑस्ट्रियनच आहेत.

१९/
ऑस्ट्रियाचा स्वतःशी सामना पुढे झाला. १९८६ मध्ये कुर्ट वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातील भूतकाळावरून देश ढवळून निघाला. ८ जुलै १९९१ रोजी चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन नागरिकांच्या अपराधातील वाट्याची जबाबदारी मान्य केली. ज्या शहरात ही कथा घडते, त्या साल्झबर्गच्या राज्य नाट्यगृहात हे संगीत नाटक प्रथम आले ते २०११ मध्ये, ब्रॉडवेनंतर बावन्न वर्षांनी.

२०/
म्हणून या वादात चुकांची यादी हे सर्वांत हलके हत्यार ठरते. विवाहाचे साल चुकले हे एका ओळीत दुरुस्त होते. सभागृहातील त्या एकमुखी गाण्याची दुरुस्ती करायला एका देशाला अर्धशतक लागले. फॉन ट्रॅप कुटुंबाचा नकार मोठा ठरतो तो भोवतालची गर्दी होकार देत होती म्हणून. सारेच नकार देत होते असे दाखवताना चित्रपटाने नकळत आपल्याच नायकाची उंची कमी केली. ‘एडलवाइस’ ऐकताना डोळे पाणावले तर त्यात गैर काही नाही. मात्र त्यानंतर १५ मार्च १९३८ चे हेल्डनप्लात्झचे छायाचित्र एकदा शोधून पाहावे, आणि त्या गर्दीतील चेहरे नीट न्याहाळावेत.