नकोशा आवाजाचे कूळ

समुद्राला भिडलेल्या हिमनद्यांवर आज हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनने, कान ठेवला जातो. या तंत्राची कुळकथा टायटॅनिकपासून सुरू करण्याचा मोह होतो, कारण 1912 च्या त्या दुर्घटनेनंतर दोनच वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पाण्यात ध्वनी सोडून सुमारे 2 मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी टिपला. पण ते सोनारचे कूळ. तिथे आवाज माणसाचा, बर्फ नुसती आदळायची भिंत. इथे बर्फच आवाज करतो, म्हणून खरे पूर्वज शोधायचे तर ज्यांना तो आवाज नको होता त्यांच्याकडे जावे लागते. पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना समुद्रातला इतर प्रत्येक आवाज अडचणीचा, आणि अडचण होती म्हणूनच त्याची मोजणी काटेकोर झाली. पाण्यातल्या ध्वनीचे जाणकार रॉबर्ट युरिक यांनी 1971 मध्ये वितळत्या हिमनगांच्या आवाजावर शोधनिबंध लिहिला, तो याच परंपरेतला.

आवाजाचे कारण मात्र वेगळ्याच घरात सापडले होते. डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी 1933 मध्ये दाखवले की पाण्यातला बुडबुडा आपल्या आकाराप्रमाणे सूर धरतो. पृष्ठभागाजवळ 1 मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण 3 किलोहर्ट्‌झचा. पुढे 1960 मध्ये शोलांडर आणि नट यांनी ग्रीनलंडच्या हिमनगांतल्या बुडबुड्यांचा दाब मोजला. बर्फ होताना कोंडलेली ही हवा वितळताना पातळ कवच फोडून सुटते आणि पाणी फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडते. एरिन पेटिट आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडले की अलास्कातल्या आइसी बेसारख्या खाड्या याच तडतडीमुळे विलक्षण गोंगाटी असतात.

या आवाजावरून बर्फाचे वितळणे मोजायचे म्हटले तर एक आक्षेप रास्त आहे: आवाज मोठा म्हणजे वितळणे जास्त, असे सरळ गणित नाही. बुडबुड्यांचे प्रमाण प्रत्येक हिमनदीत वेगळे, खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटण्याचा जोर कमी, आणि तरंगते तुकडेही तडतडतात. त्यामुळे एका खाडीचे माप दुसरीला लावता येत नाही. पण स्वालबार्डमधल्या हान्सब्रीन हिमनदीवर आवाज आणि कॅमेऱ्याची छायाचित्रे ताडून पाहिल्यावर कडा वरून कोसळला, घसरला की पाण्याखालून सुटला, हे निव्वळ आवाजावरून वेगळे काढता आले. उपग्रहाला पाण्याखालची बर्फाची भिंत दिसत नाही, कॅमेरा अंधारात आणि धुक्यात निकामी. हायड्रोफोन ध्रुवीय रात्रीही चालू राहतो. म्हणजे दर खाडीत आधी ताळा करून घ्यायचा, मग वर्षानुवर्षांचा फरक ऐकायचा. पाणबुडीवाल्यांनी गाळून टाकायला शिकवलेला आवाज, त्याच शिस्तीने मोजला तर पुरावा ठरतो.