आजीचं पोट आणि टेंभी नाक्याचं सिव्हिल

मागच्या वेळी आपण विहिरींचा इतिहास पाहिला. आज पोटाचा पाहू. आपल्या घरातल्या साठी-सत्तरीच्या बायकांच्या पोटाचा. पोट साफ न होणं, छातीत जळजळणं, दोन घास खाल्ले की गच्च होणं, या तक्रारी घरोघरी आहेत. गटाच्या बैठकीत गुडघ्यांबद्दल सगळ्या बोलतात, पण पोटाचं नाव काढलं की पदर तोंडाशी जातो. आणि कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं असतं, "आता वय झालं." हे उत्तर किती जुनं आहे आणि ते कुठे खोटं ठरलं, एवढंच आज सांगायचं आहे.

ठाण्याला स्टेशनच्या पश्चिमेला उतरून थोडं चाललं की टेंभी नाका लागतो. तिथली नवरात्रातली देवी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. तो उत्सव १९७८ पासून चालू आहे. पण मुरबाड, शहापूरकडच्या माणसांना टेंभी नाका आधीपासून माहीत आहे तो सिव्हिलमुळे. कागदावर त्याचं नाव विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय. ते १९३६ साली उभं राहिलं. आपल्या तोंडी मात्र "सिव्हिलला नेलं" एवढंच. आणि "सिव्हिलला नेलं" म्हटलं की ऐकणारीला कळायचं की घरचे उपाय संपले.

ते घरचे उपाय काय होते? ओवा आणि सैंधव, हिंगाचं पाणी, सुंठ, जेवणानंतर ताक, रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा, पोट फारच जड झालं तर एरंडेल. गुजरातेतून येणारा इसबगोल वाण्याकडे मिळायचा. यातलं बरंचसं आयुर्वेदातून घरात आलं. चरकसंहितेत ग्रहणी या विकारावर वेगळा अध्यायच आहे. म्हातारपण हा वाताचा काळ, असंही आयुर्वेद सांगतो. म्हणजे वयाबरोबर पोट बदलतं हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण जुन्या वैद्यांनी "वय झालं, सोडून द्या" असं म्हटलं नव्हतं. त्यांनी त्यावर आहार सांगितला, औषध सांगितलं. सोडून द्यायला आपण नंतर शिकलो.

सगळेच घरचे उपाय चांगले होते असंही नाही. पोट चोळून घेणं, नाळ बसवून घेणं चालायचं. काही ठिकाणी पोटावर डागण्याही देत. आणि मशेरी! ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या आज्या आजही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तंबाखूतलं निकोटिन आतड्याला चाळवतं. पण त्याच तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. पोटासाठी लावलेली मशेरी तोंड घेऊन जाते.

आता पटकीकडे येऊ. पटकी म्हणजे कॉलरा. जुन्या काळी जुलाब-उलट्यांची साथ आली की गावंच्या गावं रिकामी व्हायची. लोक मरीआईचा गाडा वेशीबाहेर काढायचे. साथीत आधी जायची ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं. का? माणूस मरत होता तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. म्हाताऱ्या शरीरात पाण्याचा साठा मुळात कमी असतो आणि वयाबरोबर तहानही कमी लागते. त्यात जुलाब होणाऱ्याला पाणी देऊ नये असा समज होता.

हा समज मोडला तो १९७१ साली. बांगलादेशच्या युद्धात लाखो माणसं बंगालच्या सीमेवर आली होती. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजायला सुरुवात केली. पाजायला नर्सा पुरणार नव्हत्या. आया, बहिणी, लेकी पेल्याने पाजत बसल्या. शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आलं. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पण त्यांचं खरं स्मारक आपल्या आशाताईच्या पिशवीत आहे. ओआरएसची पुडी ती हीच.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. आजीला जुलाब लागले तर थोडं थोडं, पण सतत पाजत राहा. तिला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाजायचं ते लगेच डॉक्टरांना विचारा. लघवी कमी झाली, ती गुंगीत बोलू लागली, तर घरी थांबू नका.

जुलाबाच्या उलट दुखणं म्हणजे पोट साफ न होणं. याचा इतिहास दवाखान्यात सापडणार नाही, तो आपल्या पायवाटांवर आहे. आज सत्तरीत असलेल्या बाईने आयुष्यातली चाळीस-पन्नास वर्षं पहाटे उजाडायच्या आधी किंवा रात्री अंधार पडल्यावर बाहेर जाऊन काढली. दिवसा लागली तर दाबून धरायची. लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. बाळंतपणातही तेच आणि पाळीतही तेच. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, स्वच्छ भारत २०१४ साली. संडास आले, पण चाळीस वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. कितीतरी आज्या अजून पाणी कमी पितात आणि संडासची भावना होऊनही उठत नाहीत. काहींना नव्या संडासात खाली बसवत नाही, कारण गुडघे वाकत नाहीत. मग जाणं टाळलं जातं. भिंतीला धरायला एक दांडा बसवला किंवा खुर्ची ठेवली तर अर्धं औषध तिथेच होतं.

ताटही बदललं. आपल्या भागात नाचणीची भाकरी, वरी, हातसडीचा तांदूळ, पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं हे रोजचं खाणं होतं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लोकांनी मिलो आणि सुकडी खाल्ली, ते दिवस सासूबाईंना विचारा. पुढे घराघरात पांढरा तांदूळ आला, मैद्याची बिस्किटं आणि चहा-खारी आली. दात गेलेल्या माणसाला तेच मऊ लागतं म्हणून तेच पुढे केलं जातं. त्याच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत काम केलेले एक आयरिश सर्जन, डेनिस बर्किट, जगाला सांगत होते की कोंड्यासकट धान्य आणि भाज्या खाणाऱ्यांचं पोट साफ राहतं. आपल्या आज्यांच्या जुन्या ताटात तेच होतं. दात नसतील तर नाचणीची आंबील, मऊ शिजवलेली पालेभाजी, पिकलं केळं, पपई. बरोबर पाणी मात्र हवं. पाणी न पिता नुसता इसबगोल घेतला तर तो आत अडकून बसतो.

आता जळजळ. आपण तिला पित्त म्हणतो. कित्येक वर्षं डॉक्टर सांगत होते की पोटातला अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो. दूध प्या, शांत राहा, नाहीतर ऑपरेशन करा. बाईला तर लगेच म्हणायचे, "फार विचार करतेस." १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांना अल्सरच्या रोग्यांच्या जठरात एक जंतू सापडला. कुणी विश्वास ठेवेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ साली ते जंतू स्वतः पिऊन पाहिले आणि त्यांना जठराची सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. ज्याला स्वभाव म्हटलं जात होतं तो पुष्कळदा जंतू निघाला, आणि ठरावीक दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा निघाला.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या उशाशी असतं, ते म्हणजे गुडघ्याची गोळी. १९७१ सालीच इंग्लंडमध्ये जॉन वेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या दुखणं कशा थांबवतात ते दाखवलं. शरीरातला जो पदार्थ दुखणं आणि सूज वाढवतो, त्याच जातीचा पदार्थ जठराचं आतलं अस्तर सांभाळतो. गोळी दोन्हींना अडवते. म्हणून उपाशीपोटी, रोज, न विचारता घेतलेली वेदनाशामक गोळी म्हाताऱ्या माणसाच्या जठरात जखम करू शकते. पुष्कळदा ती दुखतही नाही, आतल्या आत रक्त जात राहतं. आजी फिकट दिसते, दमते. आपण म्हणतो, वय झालं. मेडिकलमधून सुट्ट्या गोळ्या आणून देणाऱ्या लेकींनी आणि सुनांनी हे लक्षात ठेवावं. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका, आधी त्यांना विचारा. पित्ताची गोळीही वर्षानुवर्षं आपल्या मनाने चालू ठेवायची नसते.

इथपर्यंतच्या गोष्टीत एक धागा दिसतो. पटकी हा कोप मानला गेला आणि निघाली ती मीठ-पाण्याची कमतरता. अल्सर हा स्वभाव मानला गेला आणि निघाला जंतू किंवा गोळी. पोट साफ न होणं हे वय मानलं गेलं, आणि त्यामागे निघाली पाण्याची, ताटाची आणि संडासची गोष्ट. वयाबरोबर आतडी थोडी मंदावतात हे खरं आहे. पण वय हे कारणांपैकी एक कारण आहे, आणि तेवढ्यावर तपासणी थांबवायची नसते.

मग घरच्या उपायांवर कधी थांबायचं नाही? शौचातून रक्त गेलं, शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं झालं, वजन आपोआप उतरलं, घास गिळताना अडकू लागला, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे झाले, किंवा आयुष्यभराची शौचाची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहिली, तर दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगा. पोट फुगलं आणि वारा किंवा शौच दोन्ही बंद झालं तर त्याच दिवशी जा. आणि एक गोष्ट विसरू नका. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला, दम लागला, तर तो गॅस समजून सोडा पाजत बसू नका. बायकांचा हृदयविकार कित्येकदा असाच येतो. १०८ ला फोन करा. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

खर्चाची भीती अजून पाय अडवते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. आधारकार्ड लागतं. टेंभी नाक्याच्या सिव्हिलच्या जुन्या इमारतींच्या जागी ९०० खाटांचं नवं रुग्णालय बांधायचं ठरलं आणि २०२३ मध्ये तिथलं कामकाज ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं गेलं. म्हणून म्हाताऱ्या माणसाला घेऊन गाडीत बसण्याआधी आशाताईकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणता विभाग कुठे आहे ते विचारून घ्या. जाताना आजीच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. वाण्याकडचं चूर्णसुद्धा.

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की दहा मिनिटं ठेवा. ज्यांच्या घरात साठीच्या वरची बाई आहे, त्यांनी तिला तीन प्रश्न विचारून यायचे. दिवसाला किती तांबे पाणी पिता? पोट किती दिवसांनी साफ होतं? कोणत्या गोळ्या घेता? उत्तरं वहीत लिहा. ज्या घरचं उत्तर काळजीचं वाटेल, त्या घरच्या आजीबरोबर गटातली एक बाई दवाखान्यात जाईल, असं ठरवा. सुनेला एकटीला रजा मिळत नाही आणि आजी एकटी जात नाही, म्हणूनच पुष्कळ दुखणी घरात राहतात. दोघी गेल्या की डॉक्टरांपुढे बोलायलाही धीर येतो.