वैद्याच्या हातीं रोगी केव्हां सोंपवावा?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय वाचूं लागलें म्हणजे एखाद्या मंडईंत शिरल्यासारखें वाटतें. भोपळा, कोहळा, कलिंगड, काकडी, फणस, बेलफळ, कमळाचा देंठ, पाण्याचिखलानें भरलेल्या कातडी पिशव्या, किडीनें पोखरलेलें लांकूड अशा वस्तु तेथें एकामागून एक येतात. हें सर्व शल्यशास्त्राच्या विद्यार्थ्याचें अभ्याससाहित्य होय. कापण्याचा सराव फळांवर, चिरण्याचा भरलेल्या पिशव्यांवर, खरवडण्याचा केंसाळ चामड्यावर, शिरा वेधण्याचा मेलेल्या जनावरावर किंवा कमळाच्या देंठावर, टांके घालण्याचा जाड्यापातळ कापडाच्या कडांवर, आणि पट्ट्या बांधण्याचा मनुष्याकृति बाहुल्यावर करावा, असें ग्रंथकारानें सांगितलें आहे. या सरावास त्यानें ‘योग्या’ हें नांव दिलें. आणि ज्यानें ती केली नाहीं तो कितीहि बहुश्रुत असला तरी कर्मास अपात्र, असा स्वच्छ निर्णयहि दिला.

पुढचाच अध्याय वैद्यानें व्यवसायांत प्रवेश केव्हां करावा याविषयीं आहे. ग्रंथ शिकलेला, त्याचा अर्थ उमजलेला, कर्म डोळ्यांनीं पाहिलेला, योग्या केलेला, शास्त्र बोलून दाखविणारा, आणि शेवटीं राजाची अनुज्ञा मिळालेला, अशी त्याची पात्रता सांगितली आहे. ही मांडणी आजहि मान डोलवावी अशी आहे. तथापि एक प्रश्न उरतोच. भोपळा कण्हत नाहीं, त्यास रक्त येत नाहीं, आणि तो हातांतल्या हातांत दगावतहि नाहीं. भोपळ्यापासून जिवंत माणसापर्यंतचें अंतर शिष्यानें कोणाच्या नजरेखालीं आणि किती दिवसांत तोडावें, याची मुदत या दोन अध्यायांत घालून दिलेली नाहीं.

अशी मुदत कायद्यानें ठरवून देण्याचें प्रसिद्ध उदाहरण सिसिली व दक्षिण इटलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याचें आहे. त्यानें १२३१ सालीं मेल्फी येथें कायदेसंहिता जाहीर केली. तींत व तिला पुढें जोडलेल्या कलमांत असें ठरविलें कीं, वैद्यकाचा धंदा करूं इच्छिणाऱ्यानें तीन वर्षें तर्कशास्त्र आणि मग पांच वर्षें शस्त्रक्रियेसह वैद्यक शिकावें, सालेर्नोच्या आचार्यांपुढें जाहीर परीक्षा द्यावी, राजाचें अनुज्ञापत्र मिळवावें. आणि शिवाय एक पूर्ण वर्ष अनुभवी वैद्याच्या सल्ल्यानेंच रोगी पाहावेत. ही शेवटची अट सर्वांत शहाणपणाची. परीक्षेंत उतरलेला मनुष्य आणि एकटा सोडण्याजोगा मनुष्य हे दोन निराळे असूं शकतात, हें त्या राजाच्या कायदेपंडितांनीं ओळखलें होतें. ब्रिटनमध्यें पदवीनंतरचें असें रुग्णालयीन वर्ष १९५० च्या कायद्यानें आलें व १९५३ पासून सक्तीचें झालें, भारतांतहि एम्. बी. बी. एस्. नंतर वर्षभराची आंतरवासिता करावी लागते. पण वर्षच कां? पंचांग सर्वांस सारखें असतें. हात सारखे नसतात.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८८९ सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. तेथील शल्यविभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांनीं जर्मन विद्यापीठांतील पद्धति पाहून मुदतीचा हिशेबच बाजूस सारला. तरुण शल्यचिकित्सक रुग्णालयांतच राहत. त्यांच्यावरील जबाबदारी पायरीपायरीनें वाढे. आणि वरच्या पायरीवर कोणीं केव्हां जावें हें हॉल्स्टेड स्वतः ठरवीत. सहा वर्षें साहाय्यक आणि मग दोन वर्षें मुख्य, असा साधारण काळ यांत जाई. रचना मनोऱ्यासारखी: पायथ्याशीं अनेक, शिखरावर एक. १९२२ मध्यें हॉल्स्टेड वारले तोंपर्यंत मुख्य निवासी शल्यचिकित्सकाच्या पदास पोंचलेले अवघे १७ जण होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यु हार्वे कुशिंग हे त्यांपैकींच.

या पद्धतीची दुसरी बाजू गौरवलेखांत फारशी येत नाहीं. सारा निर्णय एका माणसाच्या नजरेवर. ती नजर चुकली तर दाद कोठें मागावी? आणि त्या काळच्या अशा रुग्णालयांत शिकाऊ हाताखालीं येई तो बहुधा धर्मार्थ खाटेवरचा गरीब रोगी. ज्याच्यापाशीं पैसा असे, त्याला खुद्द आचार्यांचा हात लाभे.

नेदरलँड्समधील उट्रेख्तचे वैद्यकशिक्षणाचे अभ्यासक ओले टेन काटे यांनीं २००५ सालीं प्रश्नच निराळा मांडला. हा मनुष्य तयार झाला का, असें विचारूं नये. हें अमुक काम याजवर सोंपवितां येईल का, असें विचारावें. कारण साधी प्रसूति निर्धास्तपणें करणारा तरुण अत्यवस्थ अर्भकापुढें गोंधळूं शकतो. पुढें या विचारांतून पांच पायऱ्या रूढ झाल्या: नुसतें पाहणें, वरिष्ठ शेजारीं असतां करणें, वरिष्ठ हांकेच्या अंतरावर असतां करणें, एकट्यानें करणें, आणि दुसऱ्यावर देखरेख ठेवणें.

वरिष्ठ हा विश्वास नेमका कशावरून टाकतात? कॅनडांत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ज्ञान व कौशल्य यांच्या जोडीला तीन गोष्टी आढळल्या: आपली मर्यादा ओळखणें, खरें बोलणें, आणि काम मनापासून पार पाडणें. रोगी तपासला नसतांना ‘तपासला’ म्हणणाऱ्याचें कसब मग कोण विचारांत घेतो! कित्येक वरिष्ठ तर शिकाऊला नकळत रोग्याकडे पुन्हां एक चक्कर टाकून येतात, आणि त्याच्या सांगण्याशीं तें जुळतें कीं नाहीं एवढें पाहून घेतात.