शिस्त, संसार आणि श्रद्धा : सुभेदार रामजी मालोजी सकपाळ

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देवस्थानाची माहिती येते, उत्सवाची परंपरा येते, उदार देणगीदारांची नामावली येते. ते योग्यच आहे. परंतु ज्यांची देवावर अढळ श्रद्धा होती आणि तरीही ज्यांना देवळाची पायरी चढू दिली गेली नाही, अशा भक्तांचा उल्लेख अशा पुस्तकात क्वचितच आढळतो. अशांपैकीच एक म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील म्हणून त्यांना सारे जग ओळखते. परंतु एक सैनिक, एक कुटुंबवत्सल पिता आणि एक भाविक म्हणूनही त्यांचे चरित्र प्रत्येक गावकऱ्याने जाणून घ्यावे असेच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे या घराण्याचे मूळ गाव. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजात हे घराणे मोडत असले तरी ग्रामदेवतेच्या पालखीचा मान त्यांच्याकडे होता, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. पालखीचा मान, पण माणसाची मात्र शिवाशिव, असा त्या काळचा विचित्र न्याय होता. रामजींचे वडील मालोजी हे रामानंदी पंथाचे आणि पेशाने लष्करातील शिपाई. वडिलांच्या मागोमाग रामजीही पलटणीत दाखल झाले.

लष्करात त्या काळी शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय होती. रामजींनी या संधीचे सोने केले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाची परीक्षा देऊन ते लष्करी शाळेत शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे त्यांनी हेडमास्तर म्हणून काम केले. सुभेदार मेजरच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. त्यांचा विवाह मुरबाडकर घराण्यातील भीमाबाई यांच्याशी झाला. भीमाबाईंचे वडीलही सुभेदार मेजरच होते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली, परंतु बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव एवढी पाचच मोठी झाली. चौदावे अपत्य भीमराव, यांचा जन्म दि. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत झाला.

सन १८९२ मध्ये सरकारने महार समाजाची लष्करभरती बंद केली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत इमानेइतबारे चाकरी केली, त्याच्या तोंडचा घास काढून घेतला गेला. रामजी स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेऊन त्यांनी या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. हुकूम फिरला नाही. परंतु अन्यायाविरुद्ध हात जोडून बसायचे नाही, तर मुद्देसूद लेखी दाद मागायची, ही रीत त्यांच्या घरात तेव्हापासून रुजली.

पेन्शनीत निघाल्यावर रामजी काही काळ दापोलीस राहिले व नंतर नोकरीनिमित्त साताऱ्यास आले. साताऱ्यातच भीमाबाईंचे निधन झाले. भीमराव त्या वेळी अवघे पाच-सहा वर्षांचे होते. रामजींची थोरली बहीण मीराबाई यांनी त्या पोरक्या मुलांना मायेने सांभाळले. पुढे रामजींनी दुसरा विवाह केला. तो लहानग्या भीमरावांना रुचला नाही. परंतु मुलांवरील पित्याची नजर क्षणभरही ढळली नाही. दि. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले.

रामजी कबीरपंथी होते. घरात मद्य-मांस वर्ज्य होते. पंथाच्या शिकवणीप्रमाणे त्यांचा मूर्तिपूजेवर विश्वास नव्हता, तरी मुलांसाठी ते गणपतीची पूजा करीत. रोज रात्री निजण्यापूर्वी दोघा मुलांनी रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचावयाचा आणि बहिणींनी व जमलेल्या मंडळींनी तो ऐकावयाचा, असा दंडक होता. हा परिपाठ वर्षानुवर्षे चालला. हे ग्रंथ कशासाठी वाचावयाचे, असे भीमरावांनी एकदा विचारले. आपण अस्पृश्य म्हणून जन्मलो, त्यामुळे मनात कमीपणाची भावना येण्याचा संभव आहे. पण द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे वर चढले ते पाहा, आणि वाल्मीकी कोळी असून रामायणाचे कर्ते झाले तेही पाहा, असे रामजींनी समजावले. मुलाचे त्याने पूर्ण समाधान झाले नाही. तरीही बापाचा हेतू स्पष्ट होता. त्यांच्या लेखी भक्ती म्हणजे मान खाली घालणे नव्हे, तर मान ताठ करणे होते.

असा हा सुभेदार. पण त्याच्याच लेकरांना काय सोसावे लागले पाहा. सन १९०१ च्या सुमारास रामजी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुटीत त्यांना भेटण्यास भीमराव, थोरला भाऊ आणि भाचे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. नोकराच्या चुकीमुळे पत्र रामजींच्या हाती पडलेच नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. वाटेत कोणी पाणी दिले नाही. शिदोरी बरोबर होती, पण पाण्यावाचून ती तशीच राहिली. नवे कपडे घालून हौसेने निघालेली पोरे रात्रभर उपाशी व तहानलेली राहून दुसऱ्या दिवशी वडिलांपाशी पोहोचली. ज्याच्या खांद्यावर सरकारने सुभेदारीची खूण लावली, त्याच्या मुलांना घोटभर पाणी मिळू नये, ही गोष्ट समाजाला खाली मान घालावयास लावणारी आहे.

पुढे मुलांच्या शिक्षणासाठी रामजी मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. मुलाने लवकर निजावे, दोन वाजेपर्यंत बापाने जागे राहावे, मग मुलाला अभ्यासास उठवून आपण पाठ टेकावी, असा नेम. भीमरावांना पुस्तकांचे अतोनात वेड. हाती पैसा नसला की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिच्याजवळही पैसे नसले तर तिचा एखादा दागिना मागून गहाण टाकीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन हाती येताच दागिना सोडवून लेकीला परत करीत. सन १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने सन १९१२ मध्ये बी. ए. झाले.

मुलाने बडोद्यास नोकरीला जावे हे रामजींना पसंत नव्हते. भीमराव गेले आणि थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटून गेली. दुसऱ्या दिवशी ते पोहोचले तेव्हा बापाचा जीव केवळ त्यांच्यासाठी अडून राहिला होता. मुलाच्या पाठीवरून हात फिरवून दि. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी प्राण सोडला. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले.

सन १९४१ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना, महार पलटण पुन्हा उभी राहिली. बापाने केलेल्या अर्जाला जणू उशिरा उत्तर आले. देवळाच्या दाराची कहाणी याहून लांबली. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० पासून सत्याग्रह झाला. मंदिरे सर्वांना खुली करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९४७ साली झाला. डॉ. आंबेडकरांनी सन १९५६ मध्ये नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्या घरात रोज रात्री रामायण वाचले गेले, त्या घरातील मुलाला दुसरी वाट धरावी लागली, याचा दोष त्याच्याकडे नव्हे, तर बंद दारांकडे जातो.

नव्या मंदिराचे शिखर उंच झाले, गाभारा प्रशस्त झाला, ही आनंदाची गोष्ट होय. आता या पायऱ्यांवर उभे राहून कोणाला तू कोण, असे विचारण्याची पाळी पुन्हा कधी येऊ नये. दगडांचा जीर्णोद्धार देणगीने होतो, मनाचा जीर्णोद्धार मात्र प्रत्येकाने स्वतःच करावा लागतो. लेकीचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणणाऱ्या त्या सुभेदाराला विनम्र अभिवादन करून, गावातील एकही मूल शाळेवाचून आणि एकही भाविक दर्शनावाचून राहू नये, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.