'इंटरस्टेलर'मधील घड्याळ : हुबेहूब प्रतिकृतीचे शास्त्र

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे आठवे ज्योतिर्लिंग मानले जाते. याच तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यात येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. अमेरिकेतील मूळ लायगो प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक असलेले शास्त्रज्ञ किप थॉर्न यांना २०१७ मध्ये रेनर वाइस व बॅरी बॅरिश यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हेच थॉर्न ख्रिस्तोफर नोलन दिग्दर्शित 'इंटरस्टेलर' (२०१४) या विज्ञानपटाचे वैज्ञानिक सल्लागार आणि कार्यकारी निर्माते होते. चित्रपटाच्या आरंभीच्या कथाकल्पनेत गुरुत्वीय लहरींच्या शोधाला स्थान होते. पुढे तो भाग वगळण्यात आला.

पडद्यावर मात्र गुरुत्वाकर्षणाचा संदेश टिपणारे एक साधे उपकरण उरले. ते म्हणजे मर्फ या मुलीचे मनगटी घड्याळ. अंतराळात गेलेला पिता गुरुत्वाच्या साह्याने या घड्याळाचा सेकंदकाटा थरथरवतो आणि मोर्स लिपीतून मुलीपर्यंत माहिती पोहोचवतो. या घड्याळाची हुबेहूब प्रतिकृती बनविणे हा जगभरातील विज्ञानपटप्रेमींचा आवडता छंद झाला आहे. वरवर खेळ वाटणाऱ्या या छंदात मोजमाप, रंगशास्त्र, विद्युतशास्त्र आणि थोडा कायदाही दडलेला आहे.

छंदाची परंपरा

विज्ञानपटांतील वस्तू पुष्कळदा नव्याने घडविलेल्या नसतात. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील प्रकाशाच्या तलवारीची मूठ सेट सजावटकार रॉजर ख्रिश्चन यांनी ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा फ्लॅशच्या दांड्यापासून तयार केली होती. हे उघड झाल्यानंतर हौशी मंडळी जुन्या बाजारांतून तेच दांडे शोधू लागली. 'ब्लेड रनर' (१९८२) मधील नायकाचे पिस्तूलही खऱ्या बंदुकांचे भाग जोडून बनविलेले होते. मूळ वस्तू कशापासून बनली हे शोधणे ही या छंदाची पहिली पायरी ठरली ती यामुळेच.

मर्फचे घड्याळ हॅमिल्टन या कंपनीने खास चित्रपटासाठी तयार केले होते. ही कंपनी १८९२ मध्ये अमेरिकेत लँकेस्टर येथे स्थापन झाली आणि आज ती स्वित्झर्लंडच्या स्वॉच समूहात आहे. चित्रपट गाजला तरी ते घड्याळ कंपनीच्या विक्रीच्या यादीत नव्हते. अखेर पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, कंपनीने ४२ मिलिमीटर व्यासाचे 'मर्फ' घड्याळ बाजारात आणले. २०२२ मध्ये ३८ मिलिमीटरची लहान आवृत्ती आली. तोपर्यंत ज्यांना हे घड्याळ हवे होते, त्यांच्यापुढे ते स्वतः जुळवण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

दुकानातील घड्याळ आणि पडद्यावरील घड्याळ

येथेच अनेकांची फसगत होते. दुकानात आलेल्या ४२ मिलिमीटरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर 'युरेका' हा शब्द मोर्स लिपीतील टिंबे व रेघांनी छापलेला आहे. चित्रपटात मर्फ हाच उद्गार काढते, त्याची ती आठवण आहे. परंतु ही छपाई २०१९ मधील भर आहे; पडद्यावरील घड्याळावर ती नव्हती. दुकानातील नमुना समोर ठेवून केलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी ती चित्रपटातील वस्तूची ठरत नाही. मूळ साधन कोणते आणि नंतरची भर कोणती, हा विवेक इतिहास संशोधकाइतकाच या छांदिष्टालाही हवा.

मूळ वस्तू हाती नसल्याने मोजमाप पडद्यावरील दृश्यांवरून घ्यावे लागते. त्याची रीत शालेय भूमितीची आहे. एक माप निश्चित ठाऊक असले की उरलेली गुणोत्तराने काढता येतात. घड्याळाचा व्यास ४२ मिलिमीटर धरला आणि दृश्यात एखादा अंक त्या व्यासाच्या विसाव्या भागाइतका दिसला, तर त्याची उंची २.१ मिलिमीटर येते. घड्याळ तिरपे धरलेले असेल तर वर्तुळाचे लंबवर्तुळ दिसते. अशा वेळी त्याचा मोठा अक्ष व्यासाच्या जागी घ्यावयाचा असतो. एकाच दृश्यावर विसंबून न राहता अनेक दृश्यांतील मापांची सरासरी काढणे श्रेयस्कर.

रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. काळ्या तबकडीवरील अंक जुन्या घड्याळांप्रमाणे पिवळसर आहेत. पण चित्रीकरणाचा प्रकाश आणि नंतरचे रंगसंस्करण यांमुळे तीच छटा प्रत्येक प्रसंगात निराळी भासते. त्यामुळे त्याच दृश्यातील पांढरी किंवा करडी वस्तू प्रमाण मानून रंग ताडून पाहावा लागतो.

काटा थरथरतो कसा?

केवळ दिसण्यात सारखे घड्याळ हे अर्धेच काम होय. चित्रपटातील वस्तूचे मर्म तिच्या काट्याच्या थरथरण्यात आहे. ती हालचाल सामान्य भिंतीवरील घड्याळात आणता येते.

सेलवर चालणाऱ्या घड्याळात स्फटिकाचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरते. त्या एका ठोक्यावर तांब्याच्या बारीक वेटोळ्यात क्षणभर वीज सोडली जाते, चुंबकाची चकती अर्धा फेरा घेते आणि काटा एक घर पुढे सरकतो. पुढच्या सेकंदाला विजेची दिशा उलटी असते.

विजेचा हा ठोका पुरेसा जोरकस नसेल तर काटा उचल खातो आणि पुन्हा जागेवर येतो. घरोघरी हा अनुभव असतो. सेल संपत आला की सेकंदकाटा बहुधा नऊच्या आकड्याजवळ अडतो आणि तेथेच धडपडत राहतो. सहाकडून बाराकडे जाताना काट्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढावे लागते आणि आडवा असताना त्याचा भार सर्वाधिक जाणवतो, हे त्याचे कारण. पडद्यावर अंतराळातून घडणारा चमत्कार आपल्या भिंतीवर दीड व्होल्टचा दमलेला सेल घडवून आणतो.

छंदिष्ट हीच गोष्ट हेतुपुरस्सर करतात. वेटोळे मूळ मंडलापासून सोडवून आर्डुइनोसारख्या छोट्या नियंत्रकाला प्रतिरोधासह जोडायचे आणि कमी कालावधीचे ठोके द्यायचे. मोर्सच्या नियमानुसार रेघ टिंबाच्या तिप्पट लांबीची असते. अक्षरातील दोन खुणांमध्ये एका टिंबाइतके, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांइतके अंतर सोडावे लागते. हे प्रमाण पाळले तरच जाणकाराला संदेश वाचता येतो. अन्यथा काटा नुसता थरथरतो, काही सांगत नाही.

सावधगिरी आणि कायदा

सुटे भाग मिळविण्यासाठी जुनी घड्याळे उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. बोलीभाषेत चकाकणाऱ्या कोणत्याही पट्टीला 'रेडियम' म्हणण्याची रूढी आहे. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक घड्याळांच्या अंकांवर खरेच किरणोत्सारी रेडियम असे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. चकाकी विझली तरी किरणोत्सार कायम राहतो आणि खरवडलेली धूळ श्वासावाटे शरीरात जाण्याचा धोका असतो. आजचे चकाकणारे रंग किरणोत्सारी नसतात, तेच वापरावेत. नाण्याच्या आकाराचे सेल लहान मुलांनी गिळल्यास जिवावर बेतू शकते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

दुसरा धोका नावाचा. स्वतःच्या कपाटात ठेवण्यासाठी प्रतिकृती करणे आणि तीवर कंपनीचे नाव छापून अस्सल म्हणून विकणे यांत मोठे अंतर आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जुन्या घड्याळावर नव्याने रंगविलेली तबकडी बसवून ते मूळ म्हणून विकल्यास परदेशी संग्राहक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. प्रामाणिक छंदिष्ट म्हणूनच आतल्या बाजूस 'प्रतिकृती' हा शब्द आणि वर्ष कोरून ठेवतो.

प्रतिकृतीचे मोल

औंढ्याची वेधशाळाही एका अर्थाने प्रतिकृतीच आहे. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील यंत्रांच्याच आराखड्यानुसार, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांसह ती उभी राहणार आहे. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल टिपण्याची या यंत्रांची क्षमता आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर नोंदविली, तेव्हा दोन्हीकडील नोंदी परस्परांशी जुळल्या म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता आला. दूरवरचे तिसरे समान यंत्र लाभल्यास लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे अधिक नेमके सांगता येईल.

भिंतीवरील घड्याळाला वेधशाळेची सर येणार नाही. तरीही काय जुळवायचे ते आधी ठरविणे, प्रत्येक माप पडताळणे आणि मूळ व नक्कल यांतील भेद न लपविणे, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते. हिंगोलीतील एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग सहज करता येईल. त्यासाठी एक जुने भिंतीवरचे घड्याळ, एक छोटा नियंत्रक आणि चिकाटी एवढेच पुरे.