गाविलगडाचा दरवाजा

किल्ला म्हटला की आपल्या विदर्भातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे रायगड नि सिंहगड उभे राहतात. राहावेतच. पण चिखलदऱ्याला लागून असलेला आपला गाविलगड किती मुलांनी पाहिला? आमचा मेळा लकडगंजातून पहाटे चारला बसने निघाला आणि अमरावती, परतवाडा करीत घाट चढून सकाळीच किल्ल्यावर पोचला.

वाटाड्या तिथलाच. तो म्हणाला, "हा किल्ला गवळ्यांचा, साहेब." नाव तेच सांगते. फिरिश्ता हा इतिहासकार मात्र 1425 च्या सुमाराच्या बांधकामाचे श्रेय बहमनी सुलतान अहमदशहाला देतो. गवळ्यांची जुनी गढी असावी आणि तिच्यावर सुलतानाने दगडी तट चढविला असावा, असे मला वाटते.

खरी गंमत दिल्ली दरवाज्यावर आहे. तिथे सिंह कोरले आहेत, आणि हत्तींना धरून बसलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी. हा पक्षी कर्नाटकाकडचा. पुढे विजयनगरच्या नाण्यांवरही तो दिसतो. मग तो वऱ्हाडात आला कसा? फतेहउल्ला इमादउल्मुल्काने 1488 साली किल्ल्याची डागडुजी केली, तसा शिलालेख आहे. हा फतेहउल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातला ब्राह्मण. लढाईत पोरवयात धरला गेला, वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला, आणि 1490 मध्ये एलिचपूरची इमादशाही त्यानेच उभी केली. आपल्या मुलखाची खूण त्याने इथे आणली, असे मानायला मला तरी हरकत दिसत नाही. गुरुजींनो, वर्गात 'हिंदू राजे' आणि 'मुसलमान राजे' अशी दोन खाती पाडताना हा दरवाजा जरूर सांगा.

दक्षिणेकडून कडा असा तुटलेला, की चढ फारच अवघड. उत्तरेकडे मात्र डोंगराची एक चिंचोळी सोंड आहे. 1803 च्या डिसेंबरात वेलस्ली दक्षिणेला राहिला आणि स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरांतून रस्ता करीत तोफा ओढत उत्तरेला आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरचा तट फुटला. आतल्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची माणसे आत उतरली. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढतालढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, नि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला.

मुलांना न्यायचे तर भाकरी-पाणी बरोबर घ्या. किल्ला मेळघाटच्या वाघांच्या रानात आहे; ऊन कलायच्या आत खाली उतरा.