आरेखन प्रणालींची साठ वर्षे : सोपेपणाचा शोध

फळ्यावर सुसम षट्कोन काढायचा झाला, तर आपण आधी वर्तुळ काढतो, कंपासमधील अंतर त्रिज्येएवढेच ठेवून परिघावर सहा खुणा करतो आणि त्या खुणा जोडतो. एखादी बाजू किंचित वाकडी आली, तरी आकृतीचा अर्थ बिघडत नाही. सर्व शिरोबिंदू वर्तुळावर आहेत आणि सर्व बाजू समान आहेत, ही अट काढणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या मनात असते. कागदाला मात्र ती कळत नाही. मग संगणकाला ती कळते का? इंजिनिअर व वास्तुविशारद वापरतात त्या आरेखन प्रणालींचा इतिहास पुष्कळसा या प्रश्नाभोवती फिरतो. या प्रणाली नवख्या माणसाला अवघड का वाटतात आणि त्या सोप्या कशा करता येतात, याचे उत्तरही बव्हंशी त्यातच आहे.

पडद्यावरची लेखणी

जानेवारी १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत आयव्हन सदरलँड या २४ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन हे त्याचे मार्गदर्शक होते. प्रबंधाचा विषय होता ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली. ती लिंकन प्रयोगशाळेतील ‘टीएक्स-२’ या संगणकावर चालत असे. आजच्या मापाने या संगणकाची मुख्य स्मृती सुमारे ३०० किलोबाइट होती, म्हणजे मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरली नसती.

स्केचपॅड वापरणारा माणूस पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून आकृती काढी. या लेखणीतून प्रकाश बाहेर पडत नसे. तिच्या टोकाशी पडद्यावरचा प्रकाश टिपण्याची सोय होती. संगणक पडद्यावरचे ठिपके एकामागून एक उजळत जाई. लेखणीसमोरचा ठिपका उजळला की लेखणी तसा संकेत देई आणि त्या क्षणी आपण कोणता ठिपका उजळला, यावरून लेखणी कोठे आहे हे संगणकाला समजे. ‘काढा’ या अर्थाचे बटण दाबून लेखणी सरकवली की रेषा रबरासारखी ताणत तिच्यामागे येई.

खरी नवलाई पुढे होती. वापरणाऱ्याने कसाबसा वेडावाकडा षट्कोन काढावा, त्याचे कोपरे एका वर्तुळावर आणून ठेवावेत आणि ‘सर्व बाजू समान करा’ असे सांगावे. पाहता पाहता आकृती सावरत सुसम षट्कोन होई. समान जीवा केंद्राशी समान कोन करतात, म्हणजे प्रत्येक जीवेच्या वाट्याला ६० अंश येतात, हे आपण वर्गात शिकवतोच. हे प्रमेय स्केचपॅडला कोणी शिकवलेले नव्हते. दिलेली अट किती मोडली आहे, हे ती एका संख्येने मोजत असे आणि ती संख्या कमी होईल अशा बेताने बिंदू थोडेथोडे सरकवीत असे. लेखणी एखाद्या बिंदूच्या किंवा रेषेच्या अगदी जवळ आली, तर ‘याला नेमका तोच बिंदू हवा आहे’ असे धरून ती तेथे चिकटतही असे. हात थरथरला तरी हेतू वाया जात नसे.

म्हणजे या पहिल्याच महत्त्वाच्या प्रणालीत सोपेपणाचे सूत्र हाती आले होते. माणसाने हेतू सांगायचा आणि अचूकतेचा भार यंत्राने उचलायचा. पण टीएक्स-२ हा एकमेव, प्रयोगशाळेतला संगणक होता. तशा सोयीचे यंत्र सामान्य कचेरीत येणे त्या काळी अशक्यच होते.

आज्ञांचे युग

आरेखन प्रणाली लहान कचेऱ्यांपर्यंत पोहोचली ती १९८२ नंतर. त्या वर्षी जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ऑटोडेस्क कंपनीने ‘ऑटोकॅड’ बाजारात आणली. मोठ्या यंत्रणांच्या मानाने अगदी थोड्या किमतीत ती घरगुती आकाराच्या संगणकावर चालू लागली. या संगणकांची शक्ती बेताचीच होती आणि सगळ्यांकडे माऊसही नसे. त्यामुळे बोलणे चाले ते कळफलकावरून. ‘लाइन’ हा शब्द टंकित करायचा, मग पहिल्या बिंदूचे निर्देशक, मग दुसऱ्याचे.

ही पद्धत वाईट होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनुभवी आरेखकाची बोटे आज्ञांना सरावली की तो चित्रे शोधत बसणाऱ्याला मागे टाकतो. नवख्याची अडचण वेगळी होती. पडद्यावर काय काय करता येईल, हे त्याला दिसतच नसे. आठवणे आणि ओळखणे यांतील फरक शिक्षकांना सांगायला नको. कोऱ्या कागदावर उत्तर लिहिणे आणि चार पर्यायांतून ते निवडणे यांत जेवढे अंतर, तेवढेच आज्ञा टंकित करणे आणि यादीतून निवडणे यांत आहे. शिवाय रेषा संगणकात जाई ती दोन टोकांचे निर्देशक म्हणून. ती कशाला समांतर आहे आणि का, हे पुन्हा माणसाच्याच डोक्यात राही.

आकृतीला स्मरण आले

१९८८ मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन या कंपनीची ‘प्रो-इंजिनिअर’ ही प्रणाली आली. गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग हे तिचे प्रणेते. यात मापे आणि अटी आकृतीबरोबरच साठवल्या जात. समजा, १०० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या मध्यावर भोक पाडले आहे. रुंदी १२० केली की भोक आपोआप ५० ऐवजी ६० मिलिमीटरवर सरके, कारण ‘मध्यावर’ हा हेतू साठवलेला असे.

सदरलँडची कल्पना येथे त्रिमितीत, कारखान्याच्या कामाला आली. पण नवख्यापुढे आता दुसरा डोंगर उभा राहिला. आधी प्रतल निवडा, त्यावर रेखाटन करा, मापे द्या, मग त्याला जाडी द्या. हा क्रम चुकला तर पुढचे सगळे अडे. १९९५ मध्ये ‘सॉलिडवर्क्स’ने हीच रीत साध्या विंडोज संगणकावर आणली. एकामागून एक केलेल्या कृतींची यादी झाडासारखी पडद्याच्या कडेला दिसू लागली. क्रम तोच राहिला, पण तो आता डोळ्यांसमोर होता.

ढकला आणि ओढा

ऑगस्ट २००० मध्ये आलेल्या ‘स्केचअप’ने वेगळाच मार्ग धरला. चौकोन काढायचा, त्याचा पृष्ठभाग माऊसने धरून वर ओढायचा, की ठोकळा तयार. भिंतीवर चौकोन काढून आत ढकलला की खिडकी. कर्सर रेषेच्या मध्यावर आला तर तेथे रंगीत ठिपका उमटतो. रेषा अक्षाला समांतर झाली की तिचा रंग बदलतो. वापरणाऱ्याच्या मनात काय असावे याचा अंदाज बांधायचा आणि तो लगेच रंगाने दाखवायचा, अशी ही रीत आहे. स्केचपॅडची चिकटणारी लेखणी सदतीस वर्षांनी नव्या रूपात परतली, असेच म्हणावे लागेल.

मात्र या सोपेपणाची किंमतही होती. स्केचअपमधले वर्तुळ हे खरे वर्तुळ नसते. विशेष काही सांगितले नाही, तर ते २४ बाजूंचा बहुभुज असते. घराचा आराखडा दाखवायला तेवढे पुरते. फिरत्या दांड्याचे भोक अचूक कापायला पुरत नाही. प्रणाली सोपी करताना काय सोडून द्यायचे, हे ती कोणासाठी आहे यावर ठरते.

चित्रे बदलून न सुटलेला प्रश्न

प्रणाली सोपी करायची म्हणजे बटणांची चित्रे सुबक करायची, असा समज असतो. ‘फ्रीकॅड’ची हकीगत हा समज दूर करते. ही मुक्त प्रणाली २००२ पासून विकसित होत आहे आणि कोणालाही विनामूल्य वापरता येते. नवख्यांना तिच्यात एक चमत्कारिक अनुभव येई. एका कडेला गोलाई द्यावी, मग मागे जाऊन मूळ आकारात एक खाच वाढवावी, तर गोलाई भलत्याच कडेला लागे किंवा आकृती मोडून पडे. बिचाऱ्याला वाटे, आपलेच काहीतरी चुकले.

दोष आतल्या रचनेत होता. प्रणाली कडांना ओळखत होती ती क्रमांकाने. हजेरीपटाचे उदाहरण घेऊ. शिक्षकांनी ‘बारावा क्रमांक वर्गप्रमुख’ एवढेच लिहून ठेवले आणि वर्षाच्या मध्ये एक नवा विद्यार्थी यादीत वर आला, तर वर्गप्रमुख बदलेल! खाच वाढताच कडांचे क्रमांक असेच बदलत. व्यापारी प्रणालींनी यावर आपापले तोडगे आधीच काढले होते. फ्रीकॅडमध्ये कडा कोणत्या कृतीतून जन्मली, यावरून तिची ओळख ठेवण्याची व्यवस्था बसवावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीत हा प्रश्न पुष्कळ प्रमाणात सुटला. पडद्यावरची चित्रे कितीही बदलली असती, तरी नवख्याची ही अडचण दूर झाली नसती.

शाळेसाठी याचा अर्थ

२०१६ पासून उभ्या राहिलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे त्रिमिती मुद्रणयंत्रे शाळांत आली आहेत. यंत्रात घालायचा आकार विद्यार्थ्याने स्वतः रचावा, अशी अपेक्षा आहे. पहिल्याच तासाला आकृती मोडली आणि त्याने ‘हे मला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढला, तर यंत्र असूनही तो दुसऱ्याचे तयार आकार छापत बसेल. म्हणून अडलेल्या विद्यार्थ्याला थेट योग्य बटण दाखवण्याआधी ‘काय होईल असे तुला वाटले होते?’ हा प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरातून त्याचा हेतू आणि यंत्राने लावलेला अर्थ यांतील फरक उघड होतो. दोष कधी भूमितीच्या समजुतीत असतो, कधी प्रणालीत. तो कोठे आहे हे विद्यार्थ्याला कळणे, हेच शिक्षण.

हा फरक दाखवण्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ‘जिओजेब्रा’ पुरेशी आहे. तीत विद्यार्थ्यांना दोन षट्कोन काढायला सांगावे. एक नुसत्या नजरेने सहा बिंदू ठेवून. दुसरा फळ्यावरच्याप्रमाणे वर्तुळे आणि त्यांचे छेदनबिंदू वापरून. मग दोन्हींचा एकेक मोकळा बिंदू धरून ओढावा. पहिला षट्कोन लगेच विस्कटतो. दुसरा लहानमोठा होतो, फिरतो, पण सुसमच राहतो. दोन्ही आकृत्या ओढण्यापूर्वी सारख्याच दिसत होत्या. मग फरक कोठे होता, हे विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावे.